स्क्रोल सॉ, पातं धरणारा एक क्लॅम्प आणि 'इतर' नावाचा रकाना

स्क्रोल सॉ घ्यायचा विचार असेल तर मोटर किती वॉटची, टेबल किती अंशांत झुकतं, दिवा आहे की नाही, हे सगळं नंतर पाहा. आधी दुकानदाराला विचारा की बिनपिनेचं, म्हणजे टोकाला आडवी पिन नसलेलं पातं धरणारे क्लॅम्प सोबत येतात का, आणि त्यातला एक बिघडला तर तो सुटा मिळतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. माझा अख्खा पावसाळा त्या दुसऱ्या प्रश्नापायी गेला आणि राग अजून पुरता उतरलेला नाही, त्यामुळे हे लिहिताना सूर थोडा चढला तर सांभाळून घ्या.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. जिगसॉ हातात धरायचा असतो. त्याचं जाड पातं एकाच टोकाला पकडलेलं असतं आणि आपण ते लाकडावरून फिरवतो. स्क्रोल सॉ टेबलाला बोल्टने आवळून बसवतात. त्याचं दोऱ्यासारखं पातं दोन्ही टोकांना ताणलेलं असतं आणि जागच्या जागी वरखाली होत राहतं. फिरवायचं ते लाकूड. ही दोन वेगळी मशीनं आहेत, हे पुढे लक्षात ठेवा. ज्यांनी ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही.

माझं मशीन १६ इंची, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत साधारण ४० सेंटीमीटर जागा. वेग मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्या, बटण फिरवून कमीजास्त करता येतो. खोकं उघडणं, बसवणं, सोबतच्या पिनवाल्या पात्याने ६ मिलिमीटरच्या प्लायचा हत्ती कापणं, यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. भाची हत्ती घेऊन गेली.

मला करायच्या होत्या घराच्या पाट्या. आपल्या लिपीत यासाठी एक मोठी सोय आहे ती शिरोरेषेची. रोमन अक्षरं कापली की सुटी सुटी हातात येतात, मग ओळीत चिकटवत बसा. मराठी नाव एका तुकड्यात निघतं. अर्थात 'भ', 'ध', 'थ' आले की रेघ मधेच तुटते. मी 'मृद्गंध' अशी पाटी काढली होती, त्यात 'ध'चं पोट शेजारच्या 'ग'च्या काण्याला मुद्दाम टेकवलं, नाहीतर शेवटचं अक्षर गळून पडलं असतं. अनुस्वार तर हवेतच असतो. त्याला रेघेपर्यंत बारीकशी मान ठेवायची, किंवा वेगळा कापून मागच्या फळीवर चिकटवायचा. मी मान ठेवतो. चिकटवलेला अनुस्वार एक दिवस पडतोच, आणि मग पाटी वाचणारा प्रत्येक जण आपल्याला शुद्धलेखन शिकवतो.

खरी मेख 'म'मध्ये. त्याच्या पोटात एक चौकोनी पोकळी, आणि खाली गाठीत एक इवलीशी. अशा बंद पोकळीत कापायचं तर आधी भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं आणि मग आतून कापायचं. पिनवाल्या पात्याच्या टोकाला आडवी पिन असते. ती जायला ५ मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं, आणि माझ्या 'म'ची गाठच तेवढी नव्हती. बिनपिनेचं ५ नंबरचं पातं जेमतेम १ मिलिमीटर रुंद असतं, दीड मिलिमीटरचं भोक त्याला पुरतं. म्हणून ते क्लॅम्प. धातूचे दोन छोटे ठोकळे, एक वर, एक खाली. फटीत पातं सरकवायचं आणि बाजूने ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, ॲलन कीने आवळायचा.

खालचा आवळला गेला. वरच्यात स्क्रू नुसता गरागरा फिरत राहिला. आटे कारखान्यातच धड पडले नव्हते.

नवंकोरं मशीन, वॉरंटी चालू, पावती हातात. मी निर्धास्त होतो. विकणाऱ्याकडे गेलो तर, "आम्ही फक्त विकतो साहेब, कंपनीच्या साइटवर टाका." साइटवर फॉर्म होता. त्यात 'उत्पादनाचा प्रकार' असा रकाना: ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, जिगसॉ, इतर. जी कंपनी स्क्रोल सॉ विकते तिच्याच यादीत स्क्रोल सॉ नाही. 'इतर' निवडलं की खाली मशीनचा क्रमांक मागायचा, आणि तो भरला की लाल अक्षरात 'क्रमांक अवैध'. मशीनच्या पाठीवरच्या पत्र्यावरून मी तो अंकन् अंक टिपला होता, टॉर्च मारून. मग फोन. पलीकडची मुलगी बिचारी नम्र होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, मी जिगसॉमध्ये टाकते. दोन्ही सॉच आहे ना." मी नाही म्हणेपर्यंत तक्रार नोंदवली गेल्याचा मेसेज आला होता.

तिथून पुढे सगळं जिगसॉच्या नावाने. बिघाडाचा फोटो पाठवा. पाठवला. व्हिडिओ पाठवा. तो फार मोठा झाला, लहान करून पाठवा. पाठवला. "सर, यात मशीनचं ट्रिगर दिसत नाहीये." दिसणार नाहीच, कारण त्याला ट्रिगर नाही! मग आठवडेच्या आठवडे 'आपली तक्रार प्रक्रियेत आहे'. बाहेर धो धो पाऊस, टेबलावर अर्धवट पाटी, आणि जिच्या घरासाठी ती करत होतो ती बहीण दर रविवारी विचारणार, "झाली का रे?" मधल्या काळात आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळूनही पाहिली. पात्याला जेवढा ताण लागतो त्यापुढे टेपचं काही चालत नाही, तुम्ही वेळ घालवू नका.

शेवटी सर्व्हिस सेंटर गाठलं, शहराच्या पार टोकाला. काउंटरवरच्या माणसाने क्लॅम्प तळहातावर घेऊन उलटसुलट केला. संगणकावर सुट्या भागांचं चित्र उघडलं. त्यात क्लॅम्पला स्वतंत्र नंबरच नव्हता. "हा असा सुटा येत नाही. पूर्ण वरचा आर्म घ्यावा लागेल." आर्म म्हणजे पात्याचं वरचं टोक धरून वरखाली होणारा दांडा. त्याची किंमत मशीनच्या निम्म्याला टेकत होती. मी म्हटलं, वॉरंटी आहे की. तो म्हणाला, "मशीनला आहे. हे ॲक्सेसरीत येतं." आता मला सांगा, करवतीत पातं धरणारी वस्तू ॲक्सेसरी कशी? हाच प्रश्न मी त्याला विचारला. त्याने खांदे उडवले आणि चहा मागवला. मला दिला नाही.

काही दिवसांनी कुरिअर आलं. मी कात्रीसुद्धा शोधली नाही, हातानेच फाडलं. आत जिगसॉच्या पात्यांचा संच. पाठोपाठ मेसेज: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, नवी टाकावी लागते. नवी टाकायची तर पुन्हा तोच रकाना, पुन्हा 'इतर', पुन्हा 'क्रमांक अवैध'.

त्या संध्याकाळी क्लॅम्प खिशात टाकून पुण्याच्या नाना पेठेतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ठोकळा उजेडात धरला आणि म्हणाले, "आटे मेलेत. चारचा आहे, पाचचा करून टाकू." म्हणजे एम-४ चं भोक ४.२ मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं करायचं आणि एम-५ चा टॅप मारायचा, म्हणजे नवे आटे पाडायचे. मला बोहरी आळीतून एम-५ चा ग्रब स्क्रू आणायला पिटाळलं. परत आलो तर काम झालेलं. वर त्यांनी आपणहून स्क्रूचं टोक घासून सपाट केलं: "टोकदार राहिलं तर पट्टी वाकडी धरणार ना." बरोबर होतं. टोकदार स्क्रू पात्याला पीळ देतो आणि मग ते एका बाजूला खेचतं. पैसे विचारले तर म्हणाले, चहाचे द्या. काउंटरवरचा तो चहा मला आठवलाच. मी चहाही पाजला आणि पैसेही दिले.

मशीन सुरू झालं तरी तक्रार मी सोडली नाही. काम झाल्यावर भांडायला जास्त जोर येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे पावती, फोटो आणि ती जिगसॉची पाती, सगळं सांगितलं. त्यानंतर कंपनीतून ज्यांचा फोन आला त्यांना स्क्रोल सॉ म्हणजे काय ते माहीत होतं! क्लॅम्प लिफाफ्यातून आला, चक्क सुटा. चित्रात नंबर नसलेली वस्तू गोदामात होती तर. तो आता सुटा भाग म्हणून खणात आहे. तुम्ही आधीच १९१५ ला फोन करा, माझ्यासारखी शेवटपर्यंत वाट पाहू नका.

आता क्लॅम्पचाच विषय आहे तर: आटे धड असूनही पातं निसटत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी पात्याची टोकं थिनरने पुसा. नव्या पात्यांना गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं आणि तेच घसरतं. क्लॅम्पच्या आतून बारीक पॉलिश पेपरचा तुकडा एकदा ओढून घ्या. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

ताण पुरेसा आहे का, हे बोटाने छेडून कळतं. भदभद आवाज आला तर ढिलं, स्वच्छ उंच स्वर आला तर ठीक. बाजूने दाबल्यावर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. दात खालच्या दिशेला. उलट्या दातांची पातीही मिळतात, त्यांचे शेवटचे काही दात वर तोंड करून असतात आणि त्यामुळे प्लायची खालची बाजू उसवत नाही. पाट्यांसाठी तीच घ्या.

पाती मिळतात कुठे? ऑनलाइन मिळतात, पण घाई असेल तर सोन्या मारुती चौकाच्या आसपास सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात विचारा. सोनाराच्या आरीची पातीही बिनपिनेची आणि साधारण ५ इंचीच असतात, या मशीनला बसतात. मात्र दात फार बारीक, पितळेला उत्तम. लाकडात ३ मिलिमीटरच्या प्लायपुढे गेलात की भुसा अडकतो आणि कडा काळ्या पडतात. आणि पात्यावर जीव जडवू नका. सागवानात सिलिका असते आणि प्लायमध्ये सरस, दोन्ही धार खातात. अर्ध्या-पाऊण तासाच्या कापणीत पातं संपू शकतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं की ते संपलेलंच असतं.

कडा जळण्यावर एक सोपा उपाय राहिला. नक्षीचा कागद चिकटवला की त्यावरून पारदर्शक पॅकिंग टेप लावा. टेपवरचा गुळगुळीत थर पात्याला वंगणासारखा उपयोगी पडतो. हे मला कोणी सांगितलं असतं तर पहिल्या पाटीची पॉलिश पेपरने घासाघीस वाचली असती.

सरळ रेघेवर लाकूड सरळ ढकललं तरी पातं जरा बाजूला पळतं. घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही आणि फॉर्म भरायची गरज नाही. बऱ्याच पात्यांच्या एका बाजूला बनवतानाच बारीक कंगोरा राहतो, त्यामुळे ती तिकडे ओढतात. लाकूड किंचित तिरकं धरून ढकलायची सवय हाताला आपोआप लागते.

टेबल पात्याशी काटकोनात आहे का, हे तपासायला गुण्या लागतोच असं नाही. जाड टाकाऊ लाकडाला एक उथळ काप घ्या, तोच तुकडा फिरवून पात्याच्या पाठीमागे आणा. पातं कापात अलगद शिरलं तर टेबल बरोबर.

धुळीला मास्क लावाच, एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, कापताना तर नक्की. मशीन धडधडत असेल तर वेग कमी करण्याआधी टेबल जड करा. मी जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर जाड फळी टाकून त्यावर बसवलंय, खाली रबराची चटई.

तेलपाणी: आर्मच्या बेअरिंगना सुमारे ५० तासांच्या वापरानंतर तेल. मशीन आडवं करायचं, झाकण काढून शाफ्टभोवती एसएई २० ग्रेडचं तेल सोडायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी दुसरी कूस. वेग बदलणाऱ्या बऱ्याच मशीनच्या मोटरला कार्बन ब्रश असतात. वास किंवा ठिणग्या वाढल्या की ते पाहा, ते कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतात, त्यासाठी कंपनीचं तोंड बघावं लागत नाही. बिडाच्या टेबलाला पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस डाग पडतात. काम झालं की भुसा झटका, कारण भुसा ओल धरतो, आणि मेणबत्ती घासून फडक्याने चोळा. गंज थांबतो आणि लाकूडही सहज सरकतं. शिलाई मशीनचं तेल लावलंत तर मात्र कापायच्या आधी ते पूर्ण पुसून घ्या, नाहीतर त्याचा डाग पाटीवर उतरतो आणि वर पॉलिश बसत नाही.