आलूबुखाऱ्याला आढी नाही

ज्या घरात आंब्याची आढी लागते, त्या घरातल्या माणसांना एक खोड जडते. कुठलंही फळ चार दिवस घरात ठेवलं की गोड होणारच, असं त्यांना वाटतं. आमचं इंदूरही त्याच पंथाचं. जूनमध्ये पालातल्या (म्हणजे आढीतल्या) आंब्यांच्या शेजारी ठेल्यांवर हिमाचलचे आलूबुखारे मांडले जातात आणि ठेलेवाला छातीठोकपणे सांगतो, "दो दिन रख लो भाभीजी, मीठे हो जाएंगे!"

नरम होतील, हे खरं. रंग चढेल, वास सुटेल, आंबटपणाही जरा उतरेल. पण साखर? आंबा किंवा केळं कच्चं असताना पिष्ट साठवून ठेवतं आणि तोडल्यावर त्याचीच साखर होते. आलूबुखाऱ्याकडे अशी शिल्लक जवळजवळ नसतेच. पानांकडून येईल तेवढी साखर त्याची. देठ तुटला की मनीऑर्डर बंद!

त्यातून ही मनीऑर्डर मोठी होते ती अगदी शेवटी. फळ आधी भराभर वाढतं, मग थबकतं (तेव्हा आतली बी टणक होत असते) आणि तोडणीच्या आधी पुन्हा फुगतं, गोड होतं. म्हणजे बागवानाची पंचाईतच. झाडावर पुरतं पिकू द्यावं, तर कुल्लूहून इंदूरच्या चोइथराम मंडीत पोचेपर्यंत लगदा. म्हणून तो लवकर तोडतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

लाल रंगावर मी जात नाही. उन्हाच्या बाजूला तो आधीच चढतो. लालीमागचा हिरवेपणा पिवळ्याकडे झुकलाय का, ते बघते.

घरी आणून थेट फ्रिजमध्ये टाकणाऱ्यांना काय म्हणावं! घरच्या फ्रिजचं ४-५ अंश तापमान या फळाला मुळीच मानवत नाही. तिथे फार दिवस राहिलं की गर तपकिरी आणि पिठूळ होतो. शीतगृहवाले शून्याच्या आसपास ठेवतात, ते उगीच नाही. आधी बाहेर मऊ होऊ द्यावेत, मग फ्रिज. घाई असेल तर कागदी पिशवीत सोबत एक पिकलं केळं ठेवावं. त्यातून सुटणारा इथिलीन वायू काम लवकर उरकतो. अर्थात मऊ करण्याचं, गोड करण्याचं नव्हे.

आंबटच निघाले तर सरळ चटणी: गूळ, तिखट आणि वरून जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. पुण्याच्या पाहुण्यांना जिरावन इथे पटत नाही. पण त्यांना पोह्यांबरोबर जिलबी तरी कुठे पटली होती!