पाटीवर लिहिलेलं पुढे कुठे जातं?

जूनमध्ये मी मलेशियातल्या तिओमान बेटावर जातेय. प्रवाळांच्या सर्वेक्षणात स्वयंसेवक म्हणून पंधरा दिवस डायव्हिंग करायला. तिकिटं काढून झाली. ऑफिसातल्या दोघींनी आणि तारकर्लीच्या एका डायव्हर मित्राने विचारलं, एवढ्या कार्यक्रमांतून हाच कसा निवडलास? म्हणून लिहितेय.

सुरुवात लक्षद्वीपला झाली. 2024 च्या मेच्या सुरुवातीला मी तिथे डाइव्ह केली, तेव्हा खाली शिंगांसारखे फाटे फुटलेली प्रवाळं पांढरीफटक पडली होती. त्या वर्षी जगभरच समुद्र तापला होता. वर आल्यावर बोटीवर कोणी म्हणालं अर्धं मेलं, कोणी म्हणालं सुधारेल. माझ्याकडे चाळीस फोटो होते आणि सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पांढरं पडलेलं प्रवाळ जिवंत असतं, हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ऑडिटमध्ये काम करते. आधीच्या वर्षाचा आकडा नसेल तर या वर्षीच्या आकड्यावर मत देता येत नाही, हे मी रोज लोकांना सांगते. समुद्राच्या बाबतीत ते मला त्या बोटीवर कळलं.

सलग पंधरा दिवस रजा मला जूनमध्येच मिळते. जूनमध्ये मालवणचं डायव्हिंग बंद, अंदमानातही पावसाने समुद्र खवळलेला. तिओमान मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या पूर्वेला आहे. तिथला समुद्र खवळतो तो साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ईशान्येच्या वाऱ्यांनी. आपला समुद्र मिटलेला असतो तेव्हा त्यांचा उघडा असतो.

मग कार्यक्रम शोधायला लागले. फोटो सगळ्यांचेच सुंदर. मी प्रत्येकाला एकच प्रश्न लिहून पाठवला: आम्ही पाण्याखाली पाटीवर जे लिहितो, ते पुढे कुठे जातं? (पाटी खरोखरची असते, प्लास्टिकची, साध्या पेन्सिलीने पाण्यातही लिहिता येतं.) एका संस्थेकडून उत्तरादाखल पैसे भरायची लिंक आली. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच दिवशी नवशिक्यांना सर्वेक्षणाला उतरवणार होते, आणि त्यांच्या फोटोतल्या मुलीने तारामासा हातात धरून पाण्याबाहेर काढला होता. दोन्ही नावं मी तिथेच खोडली.

तिसऱ्यांनी नोंदीचा कोरा तक्ता पाठवला आणि लिहिलं: आधी मासे ओळखायची परीक्षा होईल, पास झाला नाहीत तर तुमची मोजणी अहवालात धरली जाणार नाही, तुम्हाला फक्त टेप धरता येईल. मला हेच ऐकायचं होतं.

त्यांची पद्धत रीफ चेकची, म्हणजे स्वयंसेवकांकडून प्रवाळांची मोजणी करून घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची. या पद्धतीने जगभरातलं पहिलं सर्वेक्षण 1997 मध्ये झालं, आणि तेव्हापासून ठिकठिकाणचे स्वयंसेवक त्याच रीतीने मोजत आले आहेत. प्रवाळावर 100 मीटरची टेप अंथरायची. तिचे 20 मीटरचे चार तुकडे, मधे 5-5 मीटरचं अंतर. तुकड्यात दर अर्ध्या मीटरला थांबून टेपखाली काय आहे ते लिहायचं: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, खडक, तुटके तुकडे, वाळू, गाळ. असे एकूण 160 बिंदू. आपल्याला चांगलं दिसावं म्हणून नजर आपोआप जिवंत प्रवाळाकडे ओढली जाते, तेव्हा दोरीला वजन बांधून सोडायचं आणि ते टेकेल तेच लिहायचं. माझे बाबा गवंडीकाम करायचे. त्यांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, हा तर ओळंबा!" मोजणाऱ्याच्या मनावर काही सोडायचं नाही, हे त्यांना मी न सांगताच कळलं.

वाळू आणि गाळ यांतला फरकही असाच साधा. हाताने पाणी हलवायचं. लगेच खाली बसली ती वाळू, ढगासारखा तरंगत राहिला तो गाळ. आणि पांढरं पडलेलं प्रवाळ कठीण प्रवाळातच मोजायचं, कारण ते अजून जिवंत आहे. हे वाचलं तेव्हा मला ती बोट आठवली.

डायव्हिंग करणाऱ्यांना एक कळकळीने सांगते. तरंगण्यावर ताबा नसेल तर सर्वेक्षणाला जाऊ नका. पायातल्या फिनच्या (पोहायच्या रबरी पंखाच्या) एका फटक्याने वर्षानुवर्षं वाढलेली फांदी मोडते. मी फेब्रुवारीत मालवणला चार डाइव्ह नुसत्या एका जागी तरंगायला शिकण्यात घालवल्या. प्रवाळावर नेण्याआधी तुम्हाला वाळूवर तपासून घेणार का, हे कार्यक्रमवाल्यांना जरूर विचारा. डायव्हिंगचा वेगळा विमाही काढा.

खर्च माझ्या दीड पगाराएवढा आहे. सगळ्यांना तो जमणार नाही आणि जमायलाच हवा असंही नाही. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा रंगांचा तक्ता घेऊन नुसतं स्नॉर्कलिंग करतानाही (नळी तोंडात धरून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत खाली बघताना) प्रवाळाचा रंग नोंदवता येतो. पैसे न भरता केलेली नीट नोंद मला महागड्या सहलीपेक्षा मोलाची वाटते.

सध्या माझा सराव मासळी बाजारात चालू आहे. रीफ चेकमध्ये गोबरा (ग्रूपर मासा) मोजायचा तो 30 सेंटिमीटरच्या वरचाच, आणि पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. म्हणून दर रविवारी आधी नजरेने अंदाज करते, मग टेप लावते. मावशींना आता सवय झाली आहे, गिऱ्हाईक नसलं की त्याच विचारतात, "सांग, केवढा?" काल एका गोबऱ्याला मी 28 म्हटलं. निघाला 24. पाण्यात तो 32 चा दिसला असता आणि मी तो तक्त्यात भरला असता. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.