शीव न ओलांडलेलं गाव

शेफील्डहून सुटलेली बस माळरानातून वळणं घेत ईमला पोचली, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं हे छोटंसं गाव. करड्या दगडांची घरं, मधोमध सेंट लॉरेन्सचं चर्च. रस्त्यालगतच्या काही घरांपुढे पाट्या लावल्यात. कोण राहत होतं, कोण कधी गेलं, सगळं नावानिशी लिहिलेलं.

सप्टेंबर १६६५. लंडनहून आलेल्या कापडातल्या पिसवांनी प्लेग आणला, असं सांगतात. कापड उलगडून वाळत घालणारा जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला. पुढच्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी गावाला अट घातली: कुणी शीव ओलांडायची नाही. आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्याशी त्यांचे धर्मावरून मतभेद होते, तरी या निर्णयात दोघं एकत्र उभे राहिले. चर्च बंद झालं आणि प्रार्थना ककलेट डेल्फच्या घळीत, उघड्यावर, माणसं लांब लांब उभी करून होऊ लागली.

आपल्याकडे प्लेग आला की गाव उठायचं, रानात झोपड्या पडायच्या. आजीच्या तोंडून ऐकलेलं ते सगळं मला इथे आठवत होतं. ईम उठलं नाही.

गावाबाहेर चढावर गोल दगडी कुंपणात रायली कबरी आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा लेकरं इथे स्वतःच्या हातांनी पुरली. मी तिथे बराच वेळ बसले. आजूबाजूला मेंढ्या चरत होत्या. मॉम्पेसन यांनी आपली मुलं आधीच दूर पाठवली होती, पत्नी कॅथरीन मात्र थांबली आणि त्याच महिन्यात गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. मला या गावाबद्दल अपार आदर वाटतो, पण एलिझाबेथच्या लेकरांना थांबायचं की जायचं हे कुणी विचारलं नव्हतं, हेही मनातून जात नाही. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली.

परतताना स्टोनी मिडलटनच्या पायवाटेने उतरले. वाटेत शिवेचा दगड लागतो. त्याला सहा भोकं आहेत. गावकरी त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायचे, शेजारच्या गावचे लोक ती उचलून अन्न ठेवून जायचे. चॅट्सवर्थच्या वाड्यातून तिथले सरदार, अर्ल ऑफ डेव्हनशायर, हेही धान्य पाठवत. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. एकात बोट घातलं, तर आत सकाळच्या पावसाचं गार पाणी होतं. मग दगडाला वळसा घालून मी खालच्या गावाकडे निघाले.