हळद लागलेला दगड

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या घरात मिट्ट अंधार मिळणं किती कठीण आहे, हे मला अतिनील (यूव्ही) प्रकाशात चमकणाऱ्या दगडांच्या नादाला लागल्यावर कळलं. रस्त्यावरचा दिवा खिडकीतून आत येतो, समोरच्यांचा टीव्ही आमच्या भिंतीवर नाचतो आणि नवरात्रात तर विचारूच नका. शेवटी जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी केली. दाराच्या फटीत बाबांचं जुनं धोतर कोंबलं आणि नवीकोरी यूव्ही टॉर्च लावली. समोर मांडलेले अकरा दगड ढिम्म. पेटलं ते धोतर, निळसर पांढरं, लखलखीत. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे रसायन घालतात, त्याची ती करामत.

ते अकरा दगड खंभातचे होते. वडोदऱ्याहून दीड-दोन तासांवर खंभात, तिथला अकीक (अगेट) हा रंगीत दगड पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. कच्चा दगड येतो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरकडच्या खाणींतून. मला घडवलेले मणी नको होते, ओबडधोबड तुकडे हवे होते. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, आ तो काचो माल छे,’’ आणि मी हरखून तोच निवडला. लालभडक, केशरी, मधासारखा. हा लाल रंग बहुतेक वेळा भट्टीतला असतो. दगड आधी उन्हात सुकवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात, त्यात दगडातल्या लोहाचा रंग पालटतो. दिवसा खिडकीत ठेवले की काय दिसतात म्हणता! रात्री मात्र दगडच.

आमच्या गल्लीत भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी आधी टॉर्च हातात घेतली. ‘‘कितीची?’’ मी किंमत सांगायला लागलो. ‘‘अरे, नॅनोमीटर विचारतोय.’’ नॅनोमीटर म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं माप. टॉर्चवर ३९५ लिहिलेलं होतं. या टॉर्चमधून जांभळा उजेडही भरपूर पडतो आणि दगडाची मंद चमक त्यातच बुडून जाते. हवी ३६५ ची, तीही पुढे काळी काच असलेली. ती काच डोळ्यांना दिसणारा उजेड अडवते. तीनशे रुपये गेले, वर अठराशे घालावे लागले. स्वस्त टॉर्च आता नोटा तपासायला वापरतो.

काकांनी दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त कामाची. शुद्ध खनिज सहसा चमकत नाही, चमकते त्यातली भेसळ. कॅल्साइटमध्ये थोडं मँगनीज असलं की तो लालसर-गुलाबी पेटू शकतो, माणकात क्रोमियम असलं की लाल. आणि लोह जास्त असलं की ते ही चमक मारून टाकतं. म्हणजे ज्या लोहाने माझ्या अकिकाला दिवसा देखणं केलं, त्यानेच रात्री त्याचा दिवा विझवला होता. पैसे मोजून मी नेमके तेच दगड आणले होते.

मग दख्खनच्या काळ्या खडकातले कॅल्साइटचे तुकडे मिळवले. मळकट, पिवळट, कोणी फुकटही उचलणार नाही असे. अडगळीच्या खोलीत दहा मिनिटं नुसता बसून राहिलो, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. टॉर्च लावली. एक तुकडा साईच्या रंगाचा उजळला, आतून, कंदिलासारखा. टॉर्च बंद केल्यावरही क्षण-दोन क्षण तो तसाच मंद उजळत राहिला. मी इतक्या जोरात ओरडलो की आईला वाटलं विंचू निघाला. (विंचूही या प्रकाशात हिरवट चमकतो, म्हणून परसात रात्री चमकणारी वस्तू दिसली तर हात घालू नये.)

खंडेनवमीला आईने घरातली हत्यारं पूजेला मांडली. विळी, अडकित्ता, बाबांचे पाने, आणि मला न विचारता माझा हातोडा आणि दगडांचा ट्रे. सगळ्यांना तेलाचं बोट, वर हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मी घरी आलो तेव्हा पूजा आटपून सगळं जागच्या जागी गेलं होतं. त्या रात्री बाहेर गरबा चालू, आत मी ट्रे घेऊन बसलो. आणि काय सांगू, आजवर मुकाट बसलेल्या तीन दगडांवर पिवळे-हिरवे ठिपके झगझगत होते! पिवळा-हिरवा म्हटलं की युरेनियमचा अंश, एवढं वाचलेलं होतंच. घाम फुटला. ट्रे तसाच ठेवून बाहेर आलो, साबणाने हात धुतले. पुन्हा आत गेलो तर हातोड्याच्या डोक्यावरही तसाच ठिपका. लोखंडावर युरेनियम कुठून येणार? बोट लावून वास घेतला. हळद.

हळद यूव्हीत चमकते, तेलात कालवलेली तर चांगलीच. स्वयंपाकघरातल्या डब्यावर टॉर्च मारून पाहा.

इथपर्यंत ठीक होतं. पण हळद कॅल्साइटच्या त्या लाडक्या तुकड्यालाही लागली होती, आणि डाग काढायला मी तो रात्रभर लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवला. काकांनी शिकवलेली ओळख मलाच आठवली नाही. आम्ल पडलं की कॅल्साइट फसफसतो, विरघळतो. सकाळी कडा बोथट, आरशासारखी बाजू खरबरीत, आणि डाग जिथल्या तिथे. आई म्हणाली, ‘‘अरे, हळदीचा डाग उन्हात जातो, साडीचा नाही का जात? लिंबू कशाला नासलंस?’’ दोन दुपार गच्चीवर ठेवला, गेला. तुकडा अजून चमकतो, फक्त आता तो चघळून टाकलेल्या खडीसाखरेसारखा दिसतो.

फ्लोराइट या खनिजासाठी मला अंबाडुंगरला जायचं होतं. छोटा उदेपूर जिल्ह्यात, इथून शंभराच्या पुढे किलोमीटर, फ्लोराइटच्या साठ्यासाठी भूगर्भवाल्यांत नावाजलेली जागा. शिवाय चमकण्याच्या या गुणाचं ‘फ्लोरेसन्स’ हे नाव भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने १८५२ मध्ये याच दगडावरून ठेवलं, मग तो संग्रहात नको? काकांनी अडवलं. ‘‘खाणीची जागा आहे, परवानगीशिवाय एक खडाही उचलायचा नाही.’’ मग स्वतःच माळ्यावरून बिस्किटांचा गंजलेला डबा काढला. विद्यार्थ्यांना घेऊन जात त्या काळातले चार तुकडे मला दिले, एक फिकट जांभळा, बाकी धुरकट.

या वेळी मी आधी परीक्षा घेतली. खनिजांची कठिणता १ ते १० अशा आकड्यांत सांगतात. कॅल्साइटची ३, फ्लोराइटची ४, म्हणून फ्लोराइटने कॅल्साइटवर ओरखडा उमटतो. माझ्या विरघळलेल्या तुकड्यावर उमटला, बिचाऱ्याला आणखी एक. चाकूने दोघांवरही उमटतो, गारगोटीवर नाही. फुटलेल्या कोपऱ्यावर फ्लोराइटची तिरपी, त्रिकोणी बाजू दिसते, तीही दिसली. मग अंधार. तीन तुकडे गप्प. चौथा, सगळ्यात धुरकट, एका कडेला निळसर झाला. इतका मंद की टॉर्च दोनदा बंद-चालू करून खात्री केली आणि हळद नाही ना, म्हणून वासही घेतला.

जांभळा तुकडा फडताळात, कापडात गुंडाळून ठेवलाय, कारण काही फ्लोराइटचा रंग उन्हात उडतो. ट्रेवर चिठ्ठी लावली आहे, ‘पूजेला घेऊ नये’. आईने ती वाचली आणि चिठ्ठीलाच हळदीचं बोट लावलं.