बेथनीतलं मातीचं घर

मी ॲडलेडला स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. रोजचं काम म्हणजे नव्या घरांची फाउंडेशन्स, स्लॅब, बीम, तेच ते. पण मागच्या वर्षी ॲडलेडजवळच्या बरोसा व्हॅलीतल्या बेथनी गावातून एक काम आलं, की जुनं घर आहे, भिंतीला तडे गेलेत, ठेवायचं की पाडायचं ते सांगा. त्या एका दिवसाबद्दल लिहायचंच होतं.

बेथनी ही बरोसातली जर्मन लोकांची पहिली वसाहत, 1842 ची. रस्त्यावर उभं राहून बघितलं तरी कळतं की हे गाव इंग्रज पद्धतीचं नाही. सरकारने 80 एकरांचे चौकोनी तुकडे पाडले होते, या लोकांनी ते आपसात वाटून घेताना लांबच लांब अरुंद पट्ट्या केल्या, पुढे रस्त्याला लागून घर, मागे फळझाडं, मग शेत, आणि पट्टी थेट ओढ्यापर्यंत. सगळी घरं एका ओळीत, हाकेच्या अंतरावर. शेतीसाठी पाहिलं तर अशा पट्ट्या गैरसोयीच्याच, पण शेजारी आणि चर्च जवळ असणं त्यांना जास्त महत्त्वाचं होतं, असं मला तरी वाटतं.

कारण ते आलेच होते चर्चसाठी. जर्मनीतल्या प्रशियाच्या राजाने, तिसऱ्या फ्रीडरिक विल्हेल्मने, 1817 पासून लुथरन आणि रिफॉर्म्ड अशी दोन्ही प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र करायला घेतली आणि 1830 नंतर उपासनेची एकच पद्धत सक्तीची केली. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना दंड, पाद्र्यांना तुरुंग. प्रशियातल्या क्लेमत्सिग गावचे पाद्री ऑगस्ट काफेल 1836 ला लंडनला जाऊन जॉर्ज फाइफ अँगस नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याला भेटले, त्याने कर्जाऊ पैसे दिले आणि 1838 च्या नोव्हेंबरमध्ये पहिली जहाजं इथे लागली. डिसेंबरअखेर ‘झेब्रा’ जहाज आलं, त्याच्या कॅप्टन हानने त्या लोकांना जमीन मिळवून द्यायला स्वतः धावपळ केली, म्हणून त्यांनी वसवलेल्या गावाचं नाव हानडॉर्फ. तिथल्या बायका डोंगर उतरून रात्रीतून चालत ॲडलेडला भाजी, लोणी, अंडी विकायला जायच्या आणि परत येताना चर्चच्या बांधकामासाठी प्रत्येकी दोन विटा आणायच्या असं अजून सांगतात. ॲडलेड तिथून तीसेक किलोमीटर आहे हो!

घराचे मालक ऐंशीच्या पुढचे आजोबा, बेथनीतल्याच जुन्या जर्मन कुटुंबातले. भिंतीला बाहेरून सिमेंट प्लास्टर केलेलं होतं, कधीतरी कुणीतरी चांगल्या मनानेच केलेलं, आणि तडे तिथेच होते. मी आजोबांना विचारून एका कोपऱ्यातलं प्लास्टर काढलं. आत लाल गमच्या, म्हणजे इथल्या एका जातीच्या निलगिरीच्या, लाकडाची चौकट, एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, आणि चौकटीच्या मधल्या भागात आमच्या कोकणातल्या कारवीच्या कुडासारखं काठ्या उभ्या करून त्यावर पेंढा मिसळलेली माती लिंपलेली. पुढचा थर धरावा म्हणून ओल्या मातीवर बोटांनी ओढलेल्या रेघा तशाच्या तशा होत्या. मग टॉर्च मारला तर प्रत्येक सांध्यावर छिन्नीने कोरलेले रोमन आकडे दिसले, आडव्या वाशावर चार रेघा तर त्याला मिळणाऱ्या खांबावरही चार. म्हणजे आख्खी चौकट आधी जमिनीवर जुळवली, नंबर घातले, सुटी केली आणि मग उभी केली. मी तिथे गुडघ्यावर बसून किती वेळ ते आकडे बघत होतो मला आठवत नाही.

आजोबांनी मला स्वयंपाकघर दाखवलं, मधोमध प्रचंड मोठं धुराडं, आतून काळंकुट्ट, त्यातच मांस टांगून धुरवायचे. ते बोलत होते आणि मी मोजमापं घेत होतो. त्यांच्या आईची लुथरन शाळा 1917 ला बंद झाली, तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि सरकारने अशा 49 शाळा बंद केल्या, 69 जागांची जर्मन नावंही बदलायची ठरवली. हानडॉर्फचंही ॲम्बलसाइड झालं, 1935 ला जुनं नाव परत मिळालं. पण आजोबांना जास्त दुःख दुसऱ्याच गोष्टीचं होतं. 1846 मध्ये याच बेथनीत भरलेल्या सभेत काफेल आणि दुसरे पाद्री फ्रिट्शे यांच्यात, ख्रिस्त पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील या शिकवणीवरून फाटलं, काफेल आपली माणसं घेऊन जवळच्या लांगमाइलला गेले, आणि ती फूट पुरती मिटायला 1966 उजाडलं. एवढा समुद्र ओलांडून एकत्र आलेली माणसं, आणि आजोबांच्या घरात दोन वेगळ्या चर्चमधल्या माणसांच्या लग्नावरून सख्ख्या बहिणी बोलेनाशा झालेल्या. हे ऐकून मलाच गलबलून आलं.

तड्यांचं कारण साधं निघालं. सिमेंटने भिंतीतली ओल आतच अडकली, खालची आडवी तुळई कुजली आणि चौकट एका बाजूने बसली. बाकी लाकूड खणखणीत. मी रिपोर्टमध्ये पाडू नका असं स्पष्ट लिहिलं. सिमेंट सगळं काढायचं, तुळईचा कुजलेला भाग कापून लाल गमचाच तुकडा सांधायचा, माती परत लिंपायची, वरून फक्त चुना. आजोबांचा मुलगा म्हणाला एवढी माती कुठून आणायची, तर आजोबांनी ओढ्याच्या बाजूला बोट दाखवलं, मी तिथला नमुना तपासला आणि चिकणमातीचं प्रमाण बरोबर निघालं. सुतारही मिळालाय, लाकडी खुंट्या करणारा, आता पावसाळा संपला की काम सुरू.