हायब्रिडची बॅटरी आणि आईची गोधडी

2024 च्या मे महिन्यात नागपूरहून पुण्याला निघालो होतो. समृद्धीवर कारंजाच्या आसपास डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला आणि खाली ओळ आली : हायब्रिड सिस्टिम तपासा. बाहेर 44 अंश. गाडी चालत होती, पण मागच्या सीटजवळून पंख्याचा भलताच घुर्रर्र आवाज येत होता. तसंच परत फिरलो.

गाडी 2014 ची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, सेकंडहँड घेतलेली, वॉरंटी कधीच संपलेली. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि पूर्ण बॅटरी पॅक बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. आकडा पाहून बाबांनी त्याच संध्याकाळी गाडी विकायला काढली. मी चार दिवस मागून घेतले.

ओळखीतून एक ऑटो इलेक्ट्रिशियन सापडला. त्याने आधी मागच्या सीटच्या बाजूची जाळी उघडली. या बॅटरीला केबिनमधलीच हवा थंड ठेवते आणि ती हवा त्या जाळीतून आत जाते. आमच्या आईची गोधडी गेली तीन वर्षं नेमकी तिथेच. पंख्याच्या पात्यांवर गोधडीच्या कापसाचा आणि धुळीचा थर जमला होता. "भाऊ, हिचा तर श्वासच कोंडला होता," तो म्हणाला.

मग त्याने केशरी सेफ्टी प्लग काढला, दहा मिनिटं थांबला, रबरी हातमोजे चढवले आणि पॅक खाली उतरवला. आत निकेल मेटल हायड्राइडची 34 मॉड्यूल्स, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या, स्कॅनरवर त्या जोडीने दिसतात. आदल्या दिवशी चालत्या गाडीत घेतलेल्या रीडिंगमध्ये बाकीच्या जोड्या 15 च्या आसपास होत्या. सातवी मात्र जोर दिला की 13 व्होल्टच्या खाली जायची. सतरापैकी एक जोडी!

घरी येऊन मेव्हण्याशी वाद झाला, त्याची बॅटरी बरी की आमची. त्याची इलेक्ट्रिक 2021 ची, 30 युनिटची बॅटरी. पूर्ण चार्जमध्ये आधी 220 किलोमीटर जायची, आता 205. म्हणजे झीज त्याला रोज दिसते. शिवाय एका चार्जला 200 धरले तरी 1,60,000 किलोमीटरला जेमतेम 800 चार्ज होतात. आमची बॅटरी जेमतेम दीड युनिटची. प्रत्येक सिग्नलला ब्रेक मारला की थोडी भरते, सुटलो की रिकामी होते, दिवसभर हेच. ती टिकते कारण कॉम्प्युटर तिला मधल्याच पट्ट्यात, साधारण 40 ते 80 टक्क्यांत, खेळवतो. पण त्यामुळेच आतली झीज लपते. मायलेज थोडं पडतं, आपण पेट्रोलपंपवाल्याला दोष देतो, आणि मग एक दिवस सरळ लाल त्रिकोण. मला विचाराल तर दोन्हींत मोठा फरक हाच. उन्हाचा त्रास दोघींनाही. त्याच्या बॅटरीला निदान पाण्याचं कूलिंग आहे.

इलेक्ट्रिशियनने दोन जुनी, पण तपासलेली मॉड्यूल्स बसवली, गंजलेल्या तांब्याच्या पट्ट्या घासल्या, पंखा धुतला. पॅकच्या एस्टिमेटच्या दहाव्या हिश्शातही काम झालं. "दोन वर्षं धरून चाला, जास्त नाही," असं त्याने पैसे घेण्याआधीच सांगितलं. ते मला आवडलं.

गोधडी आता डिकीत असते. दर सहा महिन्यांनी जाळी साफ करून रीडिंग घेतो. मागच्या खेपेला सातवी जोडी ठणठणीत होती. अकरावी मात्र थोडी मागे पडायला लागली आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.