थांबा ते थांबा रानवाटा: खोटी चढाई गेली, वेळ मात्र चुकू लागली

एका थांब्यावर उतरून जंगलातून चालत दुसऱ्या थांब्यावर गाडी पकडायची, अशा वाटांना किती वेळ लागेल याचा अंदाज बांधण्याची ही नोंद. वाटेवरच्या एकूण चढाईचा आकडा अखेर साफ झाला आणि त्याबरोबर वेळेचा अंदाज बिघडला. उंचीच्या डेटातली खोटी चढाई काढली की वेळा आपोआप जुळतील, असं मागच्या नोंदीत गृहीत धरलं होतं. १५.२ किलोमीटरच्या चाचणीच्या वाटेवर उलटंच झालं. गढूळ आकड्यावरून काढलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा ४ मिनिटांनी चुकत होता. साफ आकड्यावरून काढलेला ३२ मिनिटांनी कमी पडला. दिवसाला चारच बस असलेल्या थांब्यावर ३२ मिनिटांची चूक म्हणजे बस हुकणं.

हिशेब मांडतो. चालण्याचा वेळ काढण्याचा नियम गिर्यारोहक नेस्मिथचा, १८९२ सालचा: सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला १ तास जादा, म्हणजे १०० मीटरला १० मिनिटं. १५.२ किलोमीटरचे १८२ मिनिटं होतात. एसआरटीएम या जगभरच्या उंचीच्या डेटावरून चढाई आली ६९० मीटर, म्हणजे आणखी ६९ मिनिटं, एकूण ४ तास ११ मिनिटं. घड्याळातल्या बॅरोमीटरवरून, म्हणजे हवेच्या दाबावरून, खरी चढाई निघाली ४१० मीटर; तिच्यानुसार एकूण ३ तास ४३ मिनिटं. विश्रांती वगळून चालायला प्रत्यक्षात लागले ४ तास १५ मिनिटं.

आधी जास्तीचे २८० मीटर कुठून येतात ते पाहू, कारण जंगलात ही अडचण उघड्या माळापेक्षा कितीतरी मोठी असते. एसआरटीएमचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेला आहे. त्या रडारच्या लहरी दाट झाडीतून जमिनीपर्यंत नीट पोचत नाहीत, पानाफांद्यांतच विखुरतात. त्यामुळे मिळणारी उंची जमीन आणि शेंड्यांच्या मधली कुठली तरी असते. मोकळ्या जागेतून झाडीत शिरलं की आलेखात ८-१२ मीटरची पायरी चढते, बाहेर पडलं की उतरते. वाटेत नऊ मोकळवनं असली तर ८०-९० मीटर चढाई केवळ झाडांमुळेच जमा होते. शिवाय हे जंगल २००० सालचं. तेव्हाची तोडलेली लागवड आता उंच झालेली असते, किंवा तेव्हाची उंच झाडं आता नसतात. डेटात पायऱ्या कुठे येणार, हे आजचं उपग्रहचित्र पाहून ठरवता येत नाही.

दुसरं कारण अधिक छळतं. डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी वाट जवळजवळ सपाट असते, पण तिच्या दोन्ही बाजूंना उतार असतो. २५ अंशांच्या उतारावर नकाशातली रेघ १० मीटर बाजूला सरकली तरी उंची ४.७ मीटरने बदलते. उंचीच्या डेटाचे चौकोन साधारण ३० मीटरचे आणि झाडीखालची रेघ बहुधा कुणाच्या तरी जीपीएसवरून काढलेली. रेघ कधी वरच्या अंगाला सरकते, कधी खालच्या. सपाट वाटेच्या आलेखाला करवतीसारखे दाते पडतात आणि प्रत्येक दाता चढाईत मिळवला जातो.

उपाय म्हणून उंबरठा लावला: शेवटच्या मान्य उंचीपासून ठरावीक मीटरपेक्षा जास्त फरक पडेपर्यंत नवी उंची मान्य करायची नाही. ५ मीटरला चढाई ५६० वर आली, १० मीटरला ४४५, १५ मीटरला ४०५. १५ चा आकडा बॅरोमीटरच्या ४१० शी जुळतो म्हणून तोच कायम करावा, असा मोह होतो. करू नये. लहान लहान टेकाडांच्या वाटेवर, जिथे प्रत्येक उंचवटा खरोखरच ८-१२ मीटरचा असतो, तिथे १५ चा उंबरठा जवळजवळ सगळी चढाई गिळून टाकतो. न चाललेल्या वाटेसाठी १० मीटर, चाललेल्या वाटेसाठी बॅरोमीटर आणि ३ मीटरचा उंबरठा, हे आता पक्कं. लायडारचा, म्हणजे लेसरने मोजलेल्या उंचीचा, डेटा खुला मिळत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवावं, कारण त्याच्या काही लेसर लहरी पानांच्या फटींतून जमिनीला टेकून परत येतात. फक्त उघड्या जमिनीचं मॉडेल उतरवलंय ना, हे तपासावं. पृष्ठभागाचं मॉडेल घेतलं तर पुन्हा झाडांचीच उंची हाती येते.

बॅरोमीटरबद्दल थोडं. समुद्रसपाटीजवळ हवेच्या दाबात १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण ८ मीटरचा. चार तासांत हवेचा दाब ३ हेक्टोपास्कलने उतरला तर सपाटीवरही २५ मीटर चढल्याचं दिसतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या थांब्याची उंची नकाशावरून घ्यायची, तफावत काढायची आणि ती वेळेच्या प्रमाणात पूर्ण नोंदीवर वाटून टाकायची. नोंद गाडीतून उतरल्यावर, दोन मिनिटं उभं राहूनच सुरू करावी. बोगद्यात वेगाने शिरणाऱ्या गाडीत दाब क्षणात वरखाली होतो आणि ते झटके चढाईत जमा होतात. घड्याळाच्या दाबछिद्रात घाम किंवा पावसाचं पाणी अडलं की आलेख काही काळ सपाट राहून एकदम उडी मारतो. अशी उडी हाताने काढलेलीच बरी, उंबरठ्याची गाळणी तिला खरी चढाई समजते.

आता मूळ प्रश्न. जुना वेळ बरोबर येत होता, कारण त्यात दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. खोटी चढाई वेळ वाढवत होती, आणि मुळं, चिखल, आडवी झाडं, वाट शोधण्यात जाणारी मिनिटं यांचा हिशेबात पत्ताच नव्हता. पडताळा म्हणून १२ किलोमीटरची दुसरी वाट घेतली, सगळी रुंद, खडी टाकलेल्या वनरस्त्याची. तिथे एसआरटीएमची चढाई ५२० मीटर, खरी २४०. जुन्या पद्धतीने ३ तास १६ मिनिटं, साफ आकड्याने २ तास ४८ मिनिटं, प्रत्यक्ष २ तास ४५ मिनिटं. म्हणजे चांगल्या रस्त्यावर साफ आकडाच खरा. चाचणीच्या वाटेवरची ३२ मिनिटं चढाईची नव्हतीच, पायाखालच्या जमिनीची होती.

म्हणून वेग आता तुकड्यांनुसार लावला आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर वाटेला जोडलेल्या माहितीत (टॅगमध्ये) ट्रॅकटाइप, म्हणजे कच्च्या रस्त्याचा दर्जा, ग्रेड १ किंवा २ असेल तर ताशी ५ किलोमीटर. मुळं-दगडांची अरुंद पायवाट ४. ट्रेल व्हिजिबिलिटी, म्हणजे वाट किती स्पष्ट दिसते ते, ‘बॅड’ किंवा त्याहून वाईट असेल तर ३. उतारावरून चालण्याचा वेग काढणाऱ्या टोबलरच्या १९९३ च्या सूत्रात वाट सोडून चालण्यासाठी ०.६ चा गुणक आहे आणि तोही सपाटीला ताशी ३ च देतो, त्यामुळे खालची मर्यादा पटते. चाचणीची वाट अशी फोडली: ६.४ किलोमीटर वनरस्ता ७७ मिनिटं, ७.२ किलोमीटर पायवाट १०८, १.६ किलोमीटर पुसट वाट ३२. चढाईचे ४१ मिळवून ४ तास १८ मिनिटं. प्रत्यक्षापेक्षा ३ मिनिटं जास्त, आणि या वेळी बरोबर कारणांनी. हा आकडा पाहून फार बरं वाटलं.

अडचण उरते टॅग नसलेल्या वाटांची. जंगलातल्या कित्येक पायवाटांवर नुसतं ‘पाथ’ लिहिलेलं असतं, पृष्ठभागाची माहिती कोरी. बहुतेक मार्गशोधक अशा वाटेला चांगला वेग देऊन टाकतात. आपल्या प्रोफाइलमध्ये कोरी पायवाट म्हणजे ४ असा नियम घालावा. बीराउटर हा मार्गशोधक यासाठी उत्तम, कारण त्याचं प्रोफाइल साधी मजकुराची फाईल असते आणि कुठला टॅग किती महाग हे स्वतः लिहिता येतं. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा शोधून देणाऱ्या ओव्हरपासवर कोऱ्या पायवाटांची यादी काढून, चालून आल्यावर टॅग भरले तर पुढच्या प्रत्येकाचा अंदाज सुधारतो. पावसानंतर चिकणमातीच्या पायवाटेला ३.५ धरावं. आडव्या पडलेल्या मोठ्या झाडाचा वळसा २-३ मिनिटं खातो.

नेस्मिथ सोडून पूर्णपणे टोबलरवर जायचं, असं याआधी ठरलं होतं. ते आता थांबवलं आहे. टोबलर प्रत्येक तुकड्याच्या उतारावरून वेग काढतो आणि नेमका तो उतारच जंगलात गढूळ असतो. १० मीटर अंतरात ५ मीटरची खोटी उंची आली की उतार ०.५ होतो आणि वेग ताशी ०.९ किलोमीटरवर कोसळतो. उतार १०० मीटरच्या तुकड्यांवर सरासरीने काढला तरच हे सूत्र वापरण्याजोगं ठरतं. बॅरोमीटरच्या पुरेशा नोंदी जमेपर्यंत नेस्मिथच.

वेळापत्रकाच्या बाजूला नवं फारसं नाही. जीटीएफएसमध्ये, म्हणजे बस-गाड्यांच्या वेळापत्रकाच्या खुल्या डेटात, फक्त ‘कॅलेंडर’ ही फाईल वाचून चालत नाही, ‘कॅलेंडर डेट्स’ मध्ये सुट्टीच्या दिवशी रद्द झालेल्या फेऱ्या असतात. शाळेच्या दिवशीच धावणारी बस बहुधा तिथेच सापडते. २५:१० ही वेळ म्हणजे मध्यरात्रीनंतर १:१०. पिकअप टाइप (प्रवासी घेण्याची पद्धत) २ असेल तर फेरीसाठी आधी फोन करावा लागतो. दुर्मिळ बसच्या थांब्यावरून सुरू करून वारंवार गाड्या असलेल्या स्टेशनवर संपवायचं, हे तत्त्व कायम.

हिशेब शेवटाकडून मागे करायचा आणि तो परतीच्या, दिवसातल्या शेवटून दुसऱ्या गाडीचा. ती १८:१० ची, राखीव वेळ चालण्याच्या १० टक्के किंवा १५ मिनिटं यांतला मोठा, म्हणजे इथे २६ मिनिटं. चालणं २५८, विश्रांती ३५. सुरुवात १२:५१ च्या आत हवी.

हे मांडतानाच एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिच्यामुळे पुढचं काम बदलतंय. वेग तुकड्यांनुसार असेल तर वाटेतल्या कुठल्याही ठिकाणाहून उरलेला वेळ काढता येतो. चाचणीची वाट ८.७ किलोमीटरला एका रस्त्याला छेदते आणि तिथून थांबा ७०० मीटरवर आहे. पुढचं चालणं ११० मिनिटांचं, विश्रांती १०, राखीव १५. म्हणजे १५:५५ नंतर तो रस्ता आला तर पुढे न जाता तिथेच बाहेर पडायचं. प्रत्येक सुटकेच्या फाट्याला अशी एक वेळ देता येते आणि ती जीपीएक्समध्ये (जीपीएसच्या वाटेच्या फाईलमध्ये) वेपॉइंटच्या, म्हणजे खूण केलेल्या जागेच्या, नावातच लिहिता येते: ‘फाटा २, १५:५५’. नेटवर्क नसलं तरी दिसते. गाडीची वेळ बदलली की सगळ्या वेळा तेवढ्याच सरकवायच्या. फाट्यावरच्या थांब्याची बसही त्याच वेळापत्रकातून तपासायची, नाहीतर सुटका कागदावरच राहते.

म्हणून वाटांची लांबीनुसार यादी करण्याचं आधी ठरलेलं काम बाजूला ठेवलं आहे. वाटा आता दोन फाट्यांमधल्या सर्वांत मोठ्या अंतरानुसार लावणार. सहा किलोमीटरपेक्षा जास्त अंतर बिनफाट्याचं असेल तर ती वाट फक्त लांब दिवसांच्या यादीत, आणि तिथे मर्यादा सूर्यास्ताची, संधिप्रकाश संपण्याची नव्हे, कारण दाट झाडीखाली वाट दिसेनाशी व्हायला सूर्यास्तानंतर फार वेळ लागत नाही.

उलट्या दिशेच्या वेळा अजून बाकी आहेत. नेस्मिथ उतरण्याचा वेळ वेगळा मोजतच नाही. त्याच्या नियमाला लँगम्यूरने केलेली दुरुस्ती लावायची आहे: ५ ते १२ अंशांच्या उतारावर दर ३०० मीटर उतरण्याला १० मिनिटं कमी, १२ अंशांहून तीव्र असेल तर १० मिनिटं जास्त. ओल्या मुळांवर ते ‘कमी’ टिकतं का, हे आधी पायवाटेच्या ७.२ किलोमीटरवर तपासायचं. वनरस्त्यावर ती दुरुस्ती आत्ताच लावायला हरकत नाही.